इंग्रजी गाण्यांचा अर्थ लावायचा कसा? आधी अन्वय, मग डिक्शनरी

इंग्रजी गाणं अख्खं तोंडपाठ असतं, चाल बरोबर, उच्चार पण बऱ्यापैकी जमतात, आणि कुणी विचारलं की या ओळीचा अर्थ काय रे, की तिथेच अडतं. बरं त्या ओळीत एकही शब्द अवघड नसतो. मग लोक एकेक शब्द डिक्शनरीत शोधत बसतात नाहीतर अख्खी ओळ ट्रान्सलेट ॲपमध्ये टाकतात आणि जे बाहेर येतं ते वाचून आणखीच गोंधळतात. माझं ठाम मत आहे की अडचण शब्दांची नसतेच फारशी, वाक्य जुळवायची असते. शाळेत संस्कृतच्या तासाला श्लोकाचा अन्वय लावायला सांगायचे ना, म्हणजे कर्ता कोण, क्रियापद कुठलं, काय कुणाला जोडायचं ते शोधून साधं सरळ वाक्य मांडायचं, नेमकं तेच इंग्रजी गाण्याला करायचं.

आणि हे आपल्याला मुळीच नवीन नाही. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' यात क्रियापद कुठेय? नाहीये, तरी कळतं. 'सुंदर तें ध्यान उभें विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां' यात 'ठेवोनियां' शेवटी आलंय, बोलताना आपण 'हात कमरेवर ठेवून उभा आहे' असं म्हणू. तुकोबांची ओळ ऐकताना आपलं डोकं हे आपोआप सरळ करतं कारण लहानपणापासून कानावर आहे. इंग्रजीत तेवढी सवय नसते म्हणून कागदावर करावं लागतं, एवढाच फरक.

तर आधी शब्द बरोबर आहेत का ते बघा. ही पायरी सगळे टाळतात. चुकीचं ऐकलेलं गाणं हा जगभरचा प्रकार आहे, त्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' असं नावच आहे. सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकन लेखिकेने १९५४ साली तो शब्द काढला, तिने लहानपणी मारल्या गेलेल्या एका सरदारावरच्या जुन्या स्कॉटिश पोवाड्यात 'लेड हिम ऑन द ग्रीन' म्हणजे 'त्याला हिरवळीवर निजवलं' याच्या जागी 'लेडी मॉन्डेग्रीन' असं ऐकलं होतं आणि तिच्या मनात त्या सरदाराबरोबर एक बाई पण मेली होती. म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेल्यांचं सुद्धा होतं. म्हणून ऐकून लिहू नका, छापलेलं शोधा. अल्बमच्या कव्हरमधलं किंवा गायकाच्या अधिकृत चॅनेलवरच्या व्हिडिओतलं सगळ्यात बरं. इतर वेबसाइटवरचे शब्द पुष्कळदा चाहत्यांनी टाइप केलेले असतात, त्यात 'युअर' आणि 'यू आर' ची अदलाबदल, 'शुड हॅव' च्या जागी 'शुड ऑफ' असल्या चुका सर्रास असतात, आणि ती चूक तुम्ही ग्रामर म्हणून शिकलात तर पुढे निस्तरायला त्रास होतो. शिवाय तिथे फुलस्टॉप, कॉमा काहीच नसतं. ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं अजिबात नाही. वाक्य कधी दोन-दोन ओळी चालतं, कधी एका ओळीत तीन वाक्यं असतात. पेन्सिल घेऊन पहिलं काम हे करा, वाक्य जिथे संपतंय तिथे दंड मारा.

दुसरं म्हणजे आखडलेले शब्द मोकळे करा. 'गॉना' म्हणजे गोइंग टू, 'वॉना' म्हणजे वॉन्ट टू, 'गॉटा' म्हणजे हॅव गॉट टू, 'लेमी' म्हणजे लेट मी, 'कॉज' म्हणजे बिकॉज, हे बहुतेकांना माहीत असतं. खरी मेख असते ॲपॉस्ट्रॉफी डी आणि ॲपॉस्ट्रॉफी एस मध्ये. डी म्हणजे 'वुड' पण असतं आणि 'हॅड' पण. ओळखायची खूण सोपी आहे, पुढे क्रियापदाचं मूळ रूप असेल तर वुड, तिसरं रूप असेल तर हॅड. ब्रायन ॲडम्सच्या 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' मध्ये 'वी'ड नेव्हर गेट फार' आहे, पुढे 'गेट' आहे, 'गॉट' नाही, म्हणजे वुड, म्हणजे 'आपण फार लांब जाणार नव्हतो'. त्याच्या आधी 'शुड'व्ह नोन' आहे, 'कळायला हवं होतं'. दोन्ही जोडा, 'आपलं हे फार पुढे जाणार नव्हतं हे तेव्हाच कळायला हवं होतं'. बघा, आता हळहळ ऐकू यायला लागली की नाही.

एस चं जरा जास्त नाजूक आहे. 'इज' असेल, 'हॅज' असेल, 'लेट्स' मध्ये तर 'अस' असतं. बिल विदर्सचं १९७१ चं 'एन्ट नो सनशाइन' घ्या. त्यात 'शीज गॉन' आहे. हे 'शी इज गॉन' की 'शी हॅज गॉन'? पुढे तिसरं रूप आहे म्हणून हॅज असणार असं वाटतं, पण 'गॉन' इंग्रजीत विशेषणासारखं पण चालतं, म्हणजे 'ती इथे नाहीये'. मग ठरवायचं कसं, तर शेजारची ओळ बघायची. पुढेच 'व्हेन शीज अवे' येतं, तिथे हॅज बसूच शकत नाही, तिथे नक्की इज आहे, आणि दोन्ही ओळींची घडण सारखी आहे म्हणून 'शीज गॉन' ला पण इज मानणं जास्त बरोबर. म्हणजे ती गेली ही घटना सांगत नाहीये तो, ती नसते तेव्हा घरात कसं असतं ते सांगतोय. एका अक्षरावर एवढं अवलंबून असतं, आणि ते उत्तर डिक्शनरीत नसतं, शेजारच्या ओळीत असतं. मला ही गोष्ट फार आवडते. आणि याच ओळीत सुरुवातीचा 'देअर' पण गळालेला आहे, पूर्ण वाक्य होईल 'देअर इझन्ट एनी सनशाइन'.

गळालेले शब्द परत भरणं ही तिसरी पायरी. बहुतेक वेळा गळतो तो कर्ता 'आय', नाहीतर 'ॲम, आर, इज, हॅव' यातलं काहीतरी. 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' ही १९८७ ची रिक ॲस्टलीची ओळ इंटरनेटवर सगळ्यांनाच माहितीये, पाच शब्द आहेत पण तीन गोष्टी शिकवते. कर्ता नाही, तर भरा, 'आय ॲम नेव्हर'. गॉना मोकळं करा, 'गोइंग टू'. आणि 'गिव्ह' आणि 'अप' लांब लांब असले तरी ते एकच क्रियापद आहे. 'गिव्ह' चा अर्थ देणे आणि 'अप' चा वर असं केलंत तर 'तुला वर देणार नाही' असलं काहीतरी होतं. 'गिव्ह समबडी अप' म्हणजे एखाद्याला सोडून देणं, नाद सोडणं. त्याच्या लगेच पुढे 'लेट यू डाउन' येतं, ते पण तसंच, 'लेट डाउन' म्हणजे तोंडघशी पाडणं, अपेक्षाभंग करणं. गाण्यांमध्ये ही जोड-क्रियापदं खच्चून भरलेली असतात कारण ती छोटी असतात, रोजच्या बोलण्यातली असतात. म्हणून क्रियापदाच्या आसपास अप, डाउन, ऑन, ऑफ, आउट, ओव्हर दिसलं की दोन्ही मिळून शोधायचं, आणि मध्ये 'मी, यू, हर, इट' घुसलेलं असेल तर ते बाजूला ठेवून शोधायचं. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत, त्यात हे नीट दिलेलं असतं, उदाहरणासकट.

आता मुख्य गोष्ट, उलटापालट केलेली ओळ सरळ करणं. यासाठी मी नवं गाणं घेत नाही, 'अबाइड विथ मी' घेते. हेन्री फ्रान्सिस लाइट नावाचे एक पाद्री होते, १८४७ साली वारले, त्यांची ही प्रार्थना. गांधीजींची अत्यंत आवडती, आणि दिल्लीत २९ जानेवारीला बीटिंग रिट्रीट होतं त्यात वर्षानुवर्षं हिची धून वाजायची, २०२२ ला ती काढून 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतलं. म्हणजे चाल पुष्कळ भारतीयांच्या कानावर आहे, शब्द मात्र थोड्यांनाच माहीत असतात. पहिलं कडवं असं,

अबाइड विथ मी, फास्ट फॉल्स द इव्हनटाइड,
द डार्कनेस डीपन्स, लॉर्ड, विथ मी अबाइड,
व्हेन अदर हेल्पर्स फेल अँड कम्फर्ट्स फ्ली,
हेल्प ऑफ द हेल्पलेस, ओ अबाइड विथ मी.

चारच ओळी, पण अन्वय शिकायला यांच्यासारखं दुसरं मी तरी बघितलेलं नाही. 'अबाइड' म्हणजे थांब, राहा, आज्ञार्थी. पुढे 'फास्ट फॉल्स द इव्हनटाइड'. इथे लोक अडकतात, फास्ट कोण आणि फॉल्स काय. क्रियापद शोधा, 'फॉल्स'. एस लागलाय म्हणजे कर्ता एकवचनी. कोण पडतंय? 'द इव्हनटाइड', संध्याकाळ. मग 'फास्ट' उरलं, ते कसं ते सांगतं, भराभर. सरळ वाक्य, 'द इव्हनटाइड फॉल्स फास्ट', संध्याकाळ भराभर उतरतेय. उलटं का केलं, तर 'इव्हनटाइड' शेवटी यायला हवं होतं कारण पुढच्या ओळीच्या शेवटी 'अबाइड' आहे, यमक जुळवायचंय. दुसऱ्या ओळीत तेच, 'विथ मी अबाइड', पहिल्या ओळीतलेच शब्द फिरवलेत यमकासाठी. मध्ये 'लॉर्ड' आलंय कॉमांमध्ये, ते संबोधन आहे, 'देवा'. कॉमा काढून वाचलंत तर वाटेल देव माझ्याजवळ राहतो असं विधान आहे, पण मग 'अबाइड्स' झालं असतं, एस नाहीये, म्हणजे विनंतीच.

चौथी ओळ सगळ्यात सुंदर. 'हेल्प ऑफ द हेल्पलेस'. पहिला शब्द हेल्प दिसला की 'मदत कर' असं वाटतं, पण पुढे 'ऑफ' आलाय, क्रियापदाला इथे ऑफ नाही लागणार, म्हणजे हेल्प हे नाम आहे. आणि 'द हेल्पलेस' म्हणजे असहाय माणूस नाही, असहाय माणसं, सगळी, कारण इंग्रजीत विशेषणाआधी 'द' लावला की त्या प्रकारच्या सगळ्या लोकांबद्दल बोलणं होतं, जसं 'द पुअर', 'द रिच'. मग हे काय आहे सगळं मिळून? परत संबोधन! 'अनाथांच्या नाथा'. मराठी कानाला लगेच ओळखीचं वाटतं ना? आणि अख्ख्या कडव्याचं साधं मराठी असं, 'माझ्यापाशी राहा, संध्याकाळ भराभर उतरतेय, अंधार दाट होतोय, देवा, माझ्यापाशी राहा, बाकीचे मदत करणारे कमी पडतात आणि सुखं पळून जातात तेव्हा, अनाथांच्या नाथा, तू राहा'.

यातून एक सवय लावून घ्या, ओळ कळली नाही की आधी यमकाचा शब्द बघा. शेवटचा शब्द तिथे ओढूनताणून आणलेला असेल तर त्याची मूळ जागा कुठली ते शोधायचं. निम्म्या अवघड ओळी एवढ्यानेच सुटतात.

एकदम सोप्या गाण्यात पण ग्रामर असतं. 'ट्विंकल ट्विंकल' घ्या, जेन टेलरची कविता, १८०६ ची. पहिला शब्द क्रियापद आहे, ताऱ्याला सांगितलंय, लुकलुक. पुढे 'हाउ आय वंडर व्हॉट यू आर'. इथे 'व्हॉट आर यू' नाही, 'व्हॉट यू आर'. थेट प्रश्न असतो तेव्हा 'आर' पुढे येतं, पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम परत साधा होतो. आपण मराठी लोक ही चूक खूप करतो, 'आय डोन्ट नो व्हॉट इज ही डूइंग', कारण मराठीत 'तो काय करतोय?' आणि 'तो काय करतोय ते मला माहीत नाही' यात क्रम बदलतच नाही, मग शाळेत पाठ केलेला प्रश्नाचा साचा आपण तसाच्या तसा आत घालतो. पुढच्या वेळी अडलात की ट्विंकल मनात म्हणा, 'व्हॉट यू आर', लगेच बरोबर येईल.

तसंच 'वी शॅल ओव्हरकम'. अमेरिकेत काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत गायलं गेलेलं, आणि आपल्याकडे गिरिजाकुमार माथुरांच्या 'हम होंगे कामयाब' मुळे शाळाशाळांत पोचलेलं. त्यात 'आय डू बिलीव्ह' आहे. नुसतं 'आय बिलीव्ह' म्हटलं असतं तरी चाललं असतं, मग हे 'डू' कशाला? जोर द्यायला. 'आहेच विश्वास' मधला 'च' आहे ना तो. आणि 'वी विल' न म्हणता 'वी शॅल' म्हटलंय, त्यात निर्धार आणि थोडी प्रार्थनेची गंभीरता पण येते. 'ओव्हरकम' ला बहुतेक वेळा कर्म असतं, कशावर मात करणार ते सांगितलेलं असतं, इथे ते मोकळं सोडलंय, म्हणून तर हे गाणं कुठल्याही लढ्यात चालतं.

आता जिथे गाणं चक्क पुस्तकातलं ग्रामर मोडतं त्याबद्दल. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन' मध्ये 'कान्ट गेट नो', पिंक फ्लॉइडच्या १९७९ च्या गाण्यात 'डोन्ट नीड नो एज्युकेशन'. शाळेत शिकवतात की दोन नकार म्हणजे होकार, मग पिंक फ्लॉइडच्या गाण्यात कोरसमध्ये लंडनच्या एका शाळेतली पोरं आहेत, ती शिक्षण हवंय असं गातायत का? अजिबात नाही. काळ्या अमेरिकन लोकांच्या बोलीत आणि ब्रिटनमधल्या कष्टकरी वर्गाच्या बोलीत दोन नकार एकमेकांना खोडत नाहीत, उलट नकार आणखी ठाम होतो, आणि ब्लूज, रॉक हे सगळं संगीत त्याच बोलींतून आलंय. म्हणून 'शी डोन्ट', 'एन्ट' हे सगळं चूक म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही, वऱ्हाडी किंवा मालवणी गाण्याला आपण चुकीचं मराठी म्हणत नाही तसंच आहे हे. फक्त परीक्षेत, ऑफिसच्या मेलमध्ये लिहायचं नाही. वहीत अशा ओळीपुढे 'बोली' असं लिहून ठेवा म्हणजे घोटाळा होणार नाही.

उलट काही वेळा गाण्यातलं विचित्र वाटणारं रूपच पुस्तकी असतं. बियॉन्सेचं २००८ चं 'इफ आय वेअर अ बॉय', 'आय' च्या पुढे 'वेअर' कसं काय? कारण ती मुलगा नाहीये, कल्पना करतेय. आपल्या 'मी मुलगा असते तर' मधलं हे 'असते तर', संकेतार्थ. जिथे इफ आणि वेअर दिसेल तिथे मराठीत 'असतो तर, असते तर' लावून बघा, पुढच्या 'वुड' ला 'केलं असतं, झालं असतं' आपोआप बसतं.

वाक्य जुळलं की मगच अर्थाच्या मागे लागायचं, आणि तिथे पहिला प्रश्न, बोलतंय कोण? गाण्यातला 'मी' म्हणजे गायक असं धरून चालू नका. ब्रायन ॲडम्सचा जन्म नोव्हेंबर १९५९ चा, म्हणजे सिक्स्टी नाइनच्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा होता, आणि गाण्यातल्या बँडमधला एकजण तर लग्न करून मोकळा झालाय. म्हणजे तो 'मी' रचलेला आहे. याच गाण्यात 'फाइव्ह अँड डाइम' येतं, पाच-दहा सेंटात स्वस्त वस्तू मिळायच्या अशा अमेरिकेतल्या दुकानांना म्हणायचे. पहिली गिटार तिथून घेतली म्हणजे खिशात पैसे नव्हते, हे एका शब्दात सांगितलंय. असे शब्द ग्रामरने सुटत नाहीत, ते त्या देशाच्या रोजच्या जगण्यातले असतात, तिथे मात्र सर्च करायलाच हवं.

दुसरं, कडवी आणि ध्रुवपद वेगळं वाचा. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ चं 'बॉर्न इन द यू एस ए', ध्रुवपद ऐकून देशभक्तीचा जयघोष वाटतो, पण कडव्यांत व्हिएतनामच्या युद्धावर पाठवलेला आणि परत आल्यावर नोकरी न मिळालेला कामगार आहे. त्याच वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा उल्लेख केला. ध्रुवपद झाकून नुसती कडवी वाचली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं.

आणि क्रियापदाचा काळ बघा. द पोलिसचं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लोक लग्नात वाजवतात. त्यात 'आय विल वॉच' नाही, 'आय'ल बी वॉचिंग यू' आहे, चालू भविष्यकाळ. म्हणजे एकदा बघेन असं नाही, बघतच राहीन, तू श्वास घेशील तेव्हा, पाऊल टाकशील तेव्हा. हे प्रेम नाही, पाळत आहे, आणि ते लिहिणाऱ्या स्टिंगने स्वतः सांगितलंय की हे गाणं लोकांना वाटतं तितकं गोड नाही. काळ नीट वाचला तर ते ओळीतूनच कळतं.

सगळ्याच ओळींचा अर्थ लागलाच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. क्वीनचं १९७५ चं 'बोहेमियन रॅप्सडी', आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं. सुरुवातीचा भाग नीट लागतो, 'जस्ट किल्ड अ मॅन' मध्ये 'आय' भरा, झालं, मुलगा आईला कबुली देतोय. मधल्या ऑपेरात मात्र इटालियन नाटकातला विदूषक स्कारामूश, स्पॅनिश नाच फॅन्डँगो, गॅलिलिओ, बिस्मिल्ला सगळे एकत्र येतात. तिथे शब्द ओळखा, आनंद घ्या, पुढे चला.

सुरुवात कुठल्या गाण्यांनी करायची? गोष्ट सांगणारी, संथ, गिटारवरची गाणी, जुनी लोकगीतं, कंट्री म्युझिक. रॅप शेवटी, कारण त्यात वेग, बोली आणि स्थानिक संदर्भ तिन्ही एकदम येतात. एका वेळी एकच कडवं घ्या, डाव्या पानावर मूळ ओळी, उजव्या पानावर सरळ केलेलं इंग्रजी वाक्य गळालेल्या शब्दांसकट, आणि त्याच्या खाली पूर्ण मराठी वाक्य, आपण बोलतो तसं. ट्रान्सलेट ॲप वापरायचंच असेल तर त्यात उजव्या पानावरचं वाक्य टाका, डावीकडची ओळ नाही, फरक लगेच दिसेल. मग यूट्यूबचा वेग ०.७५ करून तेच कडवं ऐका, आणि मग नेहमीच्या वेगात.